जुनी प्रत कोणती, नवी कोणती?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा, स्मरणिकेसाठी लिहून काढलेला मजकूर)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि मागच्या ओळीतल्या मुलांना उद्याच्या नाटकाची तालीम करायची आहे. तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. आमच्यापैकी एकीनं तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्यानं जवळजवळ तितकीच वर्षं ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. घरात जेवताना दोघांच्या गप्पा एका जागी येऊन थांबतात, ती जागा म्हणजे आजचा विषय. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करताना चुकते तेव्हा ती चूक तिला कशी कळते, आणि कळली नाही तर घराण्यात काय होतं.

सुरुवात बाप्पापासूनच करू. व्यासांनी महाभारत सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, असं ठरलं. गणपतीची अट, लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. आपल्या शरीरातही एक लेखनिक रात्रंदिवस बसलेला आहे. त्यानं गणपतीची अट तेवढी पाळली आहे, व्यासांची सोडून दिली आहे. तो सपाट्यानं लिहितो, पण काय लिहितो याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो.

गंमत अशी की पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य संहितेत ही गणपतीची कथा नाही. ती परिशिष्टात आहे. पोथ्या ताडून पाहिल्यावर संपादकांना ती मागाहून आलेली दिसली. बाप्पाचं आपल्या घरातलं स्थान त्यामुळे हलत नाही, आज आपण त्याच्यापुढेच बसलो आहोत. पण ‘मागाहून आलेली’ हे त्यांनी ठरवलं कसं, ते आज आपल्या उपयोगाचं आहे.

आपल्या वडोदऱ्यातही हे काम झालं आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. त्या रस्त्यानं आपण रोज जातो येतो, आत काय झालं ते फारसं कुणाला माहीत नसतं. आणि त्याच्याही फार आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली. मूळ ग्रंथाला तीनशे वर्षं होत आली होती, नकलांवर नकला झाल्या होत्या, आणि पाठ बिघडले होते.

या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच. दोन पोथ्या समोर आहेत. एकीत ‘कर’ आहे, दुसरीत ‘कार’ आहे. दोन्ही शब्द खरे, दोन्ही सुवाच्य, वाक्यातही दोन्ही कसेबसे बसतात. बरोबर कोणता? नुसतं शब्दांकडे टक लावून हे कळत नाही. कोणती पोथी आधीची आणि कोणती तिच्यावरून उतरवलेली, हे समजलं तरच कळतं. संपादकाजवळ निदान निरनिराळ्या प्रांतांतल्या अनेक पोथ्या असतात. पेशीजवळ या कामाला दोनच असतात, एक जुनी आणि एक नुकतीच लिहिलेली.

आता ही पोथी कशी आहे ते पाहू. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. दोन पट्ट्या एकमेकींना पीळ घालून बिलगलेल्या असतात. एकीवर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. त्यामुळे एक पट्टी हातात असली की दुसरी लिहून काढता येते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली तेव्हाच तिच्यातून नक्कल करण्याची युक्ती दिसत होती. दुरुस्तीचं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्या विकरांची भूमिका आमच्या नजरेतून पूर्णपणे निसटली, असं क्रिकनं स्वतः १९७४ मध्ये लिहिलं आहे.

माणसाच्या एका पेशीत अशा सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्या असतात. एका पेशीच्या दोन होताना पट्ट्या सुट्या होतात आणि दोन्ही जुन्या पट्ट्यांसमोर नवी पट्टी लिहिली जाते. म्हणजे सुमारे १२०० कोटी अक्षरं नव्यानं मांडायची, आणि त्यासाठी साधारण सहा ते आठ तास मिळतात. लिहिणाऱ्या विकराचं नाव डीएनए पॉलिमरेज. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये तो जिवाणूत शोधला. जिवाणूतला लेखनिक सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं मांडतो. माणसातला बराच सावकाश, सेकंदाला पन्नासेक, म्हणून हजारो ठिकाणी एकाच वेळी लेखन सुरू करावं लागतं.

तो चुकतो किती? ढोबळ हिशेब सांगतो. निव्वळ अक्षर निवडण्यात लाखात एखादी चूक होते. ऐकायला फारच कमी वाटते. पण १२०० कोटी अक्षरांत त्या एक लाख वीस हजार चुका झाल्या, आणि त्यासुद्धा एका पेशीच्या एका विभाजनात. हे असंच चाललं असतं तर आपण इथं बसलो नसतो.

पहिली तपासणी लेखनिक स्वतःच करतो. चुकीचं अक्षर समोरच्या अक्षराशी नीट बसत नाही, टोक वाकडं राहतं, आणि त्यामुळे पुढचं अक्षर जोडताना तो अडखळतो. त्या अडखळण्यात ताज्या पट्टीचं टोक त्याच्याच दुसऱ्या कप्प्यात सरकतं. तिथं शेवटचं अक्षर छाटलं जातं, टोक परत जागेवर येतं आणि लेखन पुढे सुरू होतं. छापखान्यात मुद्रितशोधक वेगळा बसायचा, इथं खिळे जुळवणाराच प्रूफं तपासतो. या एका सवयीनं चुका शंभरपटीनं कमी होतात. एक लाख वीस हजारांच्या बाराशे उरतात.

या बाराशे चुका अवघड आहेत. लेखनिक पुढे निघून गेलेला आहे. मागे एका जागी जी समोर टी बसला आहे, जिथं सी असायला हवा होता. आता लक्ष देऊन ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. उन्हानं डीएनएचं अक्षर करपतं, धुरानं काळवंडतं. अशी बिघडलेली अक्षरं ओळखता येतात, कारण ती अक्षरांसारखी राहिलेली नसतात, आणि त्यांची दुरुस्ती करणारी वेगळी पथकं पेशीत आहेत. इथं मात्र जीसुद्धा चांगला आहे आणि टीसुद्धा चांगला आहे. भांडण फक्त त्यांच्या जोडीचं आहे. टी काढून सी घातला तर मूळ मजकूर परत आला. पण जी काढून ए घातला तर जोडी दिसायला तितकीच निर्दोष होईल, आणि चूक कायमची पक्की होऊन पुढच्या प्रत्येक पेशीत उतरेल. छापा-काटा करून दुरुस्ती करायची तर निम्म्या वेळा दुरुस्तीच घात करणार.

म्हणजे पेशीला एकच गोष्ट कळायला हवी: जुनी पट्टी कोणती?

१९७६ मध्ये रॉबर्ट वॅग्नर आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी सुचवलं की दुरुस्ती नव्या पट्टीवरच होत असावी. आणि जुनी-नवी ओळखण्याची खूण असू शकेल अशी एक गोष्ट ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूत आधीपासून ठाऊक होती. त्याच्या डीएनएत जीएटीसी ही चार अक्षरं जिथं जिथं ओळीनं येतात, तिथल्या ए या अक्षरावर एक विकर छोटासा रासायनिक टिळा लावतं. मिथिल गट म्हणतात त्याला. अक्षर बदलत नाही, अर्थ बदलत नाही, नुसता टिळा. पण नवी पट्टी लिहिली जाते तेव्हा ती कोरी असते. टिळा लावणारं विकर मागून येतं आणि त्याला थोडा वेळ लागतो, फार तर काही मिनिटं. तेवढ्या वेळात जुनी पट्टी टिळ्याची आणि नवी बिनटिळ्याची असते. दुरुस्ती करायची ती याच वेळेत. एकदा दोन्हींना टिळा लागला की जुनं-नवं ओळखण्याची सोय गेली.

हे पडताळून पाहणाऱ्यांत मुख्य नाव पॉल मॉड्रिच यांचं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका लहान गावात ते वाढले. वडील शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. १९६३ मध्ये मुलगा शाळेत असतानाच वडिलांनी त्याला सांगितलं की हे डीएनए प्रकरण जरा शिकून घे. शिक्षकाचं घरातलं बोलणं मुलं ऐकत नाहीत असा आमचा अनुभव आहे, पण इथं ऐकलं गेलं. मॉड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम एका जागी चूक घातलेला डीएनए तयार केला. कधी एका पट्टीला टिळा, कधी दुसरीला, कधी दोन्हींना, कधी कुणालाच नाही. मग जिवाणूच्या पेशीतल्या रसात तो सोडला. दुरुस्ती झाली ती बिनटिळ्याच्या पट्टीवर. दोन्हींना टिळा असला तर दुरुस्ती जवळजवळ होतच नाही, आणि कुणालाच नसला तर कोणत्याही पट्टीवर होते. १९८९ मध्ये त्यांनी शुद्ध केलेली प्रथिनं एकत्र करून ही सगळी दुरुस्ती परीक्षानळीत घडवून दाखवली. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि अझीझ संजार यांच्याबरोबर मिळालं.

दुरुस्ती चालते कशी? म्यूट-एस नावाचं प्रथिन डीएनएला चिमट्यासारखं धरतं आणि घसरत जातं. बरोबर जोड्या घट्ट असतात. चुकलेली जोडी सैल असते, तिथं डीएनए वाकवता येतो, आणि वाकला की म्यूट-एस थांबतं. मग म्यूट-एल येतं आणि त्याच्यामार्फत म्यूट-एच कामाला लागतं. म्यूट-एचला चुकीच्या जोडीशी काही देणंघेणं नाही, ते जवळपासचा जीएटीसी शोधतं आणि तिथं बिनटिळ्याची पट्टी कापतं. हा काप चुकीपासून हजार अक्षरं दूरसुद्धा असू शकतो. त्या कापापासून चुकीच्या पलीकडेपर्यंत नवी पट्टी उलगडून कुरतडून टाकली जाते, आणि जुन्या पट्टीवरून तो सगळा भाग पुन्हा लिहिला जातो. शेवटी सांधा चिकटवला जातो. एका अक्षरासाठी हजारभर अक्षरं! एक काना चुकला म्हणून अख्खं पान फाडून पुन्हा लिहायला लावणारे गुरुजी काही ज्येष्ठांना आठवतील. त्या बाराशे चुकांपैकी आता एखाददुसरी उरते.

माणसाच्या पेशीत म्यूट-एस आणि म्यूट-एलची भावंडं आहेत, पण म्यूट-एचसारखं काही नाही आणि तो टिळाही नाही. आपल्याकडे नव्या पट्टीची ओळख दुसऱ्या तऱ्हेनं पटते. ती तुकड्यातुकड्यांत लिहिली जात असल्यानं तिच्यात काही काळ फटी असतात, आणि लेखनिकाला धरून ठेवणारी एक कडी तिच्यावर ठरावीक दिशेला तोंड करून बसलेली असते. ताज्या लिखाणाची शाई अजून वाळलेली नसते, असं समजा.

आता पोथी नकलणाऱ्याची आणखी एक खोड. एकच शब्द पुन्हापुन्हा येतो तिथं नजर हमखास घसरते. पाच वेळा आलेला शब्द सहा वेळा लिहिला जातो किंवा चारच वेळा. डीएनएतही अशा जागा आहेत, ‘सीए सीए सीए’ किंवा नुसतं ‘ए ए ए ए’ चाललेलं असतं. तिथं लेखनिक घसरतो आणि एखादं आवर्तन कमी-जास्त होतं. धडधाकट पेशीत दुरुस्ती पथक ते निस्तरतं. पथकच बिघडलं तर या आवर्तनांची लांबी पेशीगणिक बदलत जाते. १९९३ मध्ये मोठ्या आतड्याच्या काही गाठींत नेमकं हेच दिसलं. त्याच सुमारास पावाच्या यीस्टवर काम करणाऱ्यांना दिसलं की यीस्टमधली दुरुस्ती जनुकं मोडली की आवर्तनं अशीच बिघडतात. धागा जुळला. वर्ष संपेपर्यंत अमेरिकेतल्या दोन गटांनी माणसातलं जनुक शोधून काढलं, एमएसएच-२. पुढच्या वर्षी एमएलएच-१. जिवाणू आणि यीस्ट यांच्यावर केलेलं, कुणाला काही उपयोगाचं न वाटणारं काम एकदम माणसांच्या घरात येऊन पोचलं.

आणि घरं वाटच पाहत होती. त्यासाठी मागे जायला हवं.

१८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांची एका शिवणकाम करणाऱ्या बाईंशी गाठ पडली. बाई खिन्न होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, आमच्या घरात बहुतेक सगळी माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली, मीही तशीच लवकर जाणार. त्या तरुणपणीच गेल्या, गर्भाशयाच्या कर्करोगानं. वॉर्थिन यांनी मात्र ते बोलणं बाजूला टाकलं नाही. मूळ जर्मनीतून आलेल्या त्या घराण्याची वंशावळ त्यांनी जमवली, कोण कशानं आणि कितव्या वर्षी गेलं ते लिहिलं, आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘जी’ घराणं या नावानं ते ओळखलं जातं.

पुढे १९६२ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच या शिकाऊ डॉक्टरला एक रुग्ण भेटला, दारूपायी खालावलेला. तू एवढा का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, घरातले सगळे कर्करोगानं जातात, मीही जाणार. लिंच आधी मुष्टियोद्धा होते, चिवटपणा अंगात होता. त्यांनीही वंशावळी गोळा केल्या. हा रोग घराण्यातून उतरतो हे त्या काळी फारसं कुणी मानायला तयार नव्हतं, पण ते घरोघरचे कागद जमवत राहिले. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. ‘जी’ घराण्यातली चूकही अखेर सापडली, एमएसएच-२ मध्ये. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना जे घरात बसून कळलं होतं, ते प्रयोगशाळेत कळायला शंभर वर्षं लागली.

हा विकार उतरतो कसा? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. लिंच असलेल्या माणसाला चार दुरुस्ती जनुकांपैकी एकाची एक प्रत मोडकी मिळालेली असते. ही चार म्हणजे एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे काम चालतं, माणूस निरोगी असतो. पण आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, गर्भाशयाचं दर महिन्याला. इतक्या नकलांत कुठल्या तरी एका पेशीत ती चांगली प्रतही बिघडते. त्या पेशीत मग तपासनीसच उरत नाही, चुका साचत जातात, आणि त्यांतली एखादी पेशीच्या वाढीचा लगाम तोडते. इतरांना साठीनंतर होणारा आजार इथं चाळिशीत होतो. प्रत्येक अपत्याला ती मोडकी प्रत मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार सुमारे ३०० माणसांत एकाजवळ अशी प्रत असते, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. त्याच वेळी हेही सांगतो की मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी तीनेकच यातले असतात. तेव्हा घरी जाऊन घाबरू नका.

आता आपल्याकडे वळतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुलवृत्तांत आहे. मूळ गाव कोणतं, गोत्र कोणतं, कोण कोकणातून देशावर आलं, कोण गायकवाडांच्या चाकरीत वडोदऱ्यास आलं, कोण पुढे इंदूर-ग्वाल्हेरला गेलं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेलं. असा लेखी दस्तऐवज जवळ असणारे समाज जगात फार नाहीत. आम्ही दोघांनी आमच्या दोन्ही घरांचे आणि ओळखीतले दोन-तीन असे वृत्तांत या दृष्टीनं वाचून पाहिले. शिक्षण आहे, हुद्दा आहे, मुंजीचं साल आहे. माणूस कशानं गेला, हे क्वचितच आहे. असलं तर ‘अल्पशा आजाराने’. आणि लेकी? लेकीचं नाव येतं, सासरचं आडनाव येतं, आणि फांदी तिथंच खुडली जाते. तिची मुलं दुसऱ्या वृत्तांतात असतात, जो आपल्या कपाटात नसतो.

वारसाहक्काच्या हिशेबाला हे चालत असेल. डीएनएच्या हिशेबात निम्मं घराणं गहाळ झालं. एमएसएच-२ ची मोडकी प्रत आजीकडून आत्याकडे, आत्याकडून तिच्या मुलाकडे बिनबोभाट जाते, आणि त्या मुलाच्या डॉक्टरनं विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो की आमच्या घरात, म्हणजे वडिलांच्या घरात, कुणाला असं काही नव्हतं.

एका कुटुंबाचं सांगतो. ओळख पटेल असं काही सांगणार नाही, आणि त्यांच्या परवानगीनं सांगतो. आजी पन्नाशीच्या आत गेली, ‘पोटाचं दुखणं’ म्हणून. तिच्या मुलाला चव्वेचाळिसाव्या वर्षी आतड्याचा कर्करोग निघाला. मुलीच्या मुलीला सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयाचा. दोन वेगळी आडनावं, दोन वेगळी शहरं, दोन वेगळे डॉक्टर. आजीचं दुखणं नेमकं काय होतं ते एका वन्संना ठाऊक होतं. पण घरात लग्नाच्या मुली होत्या, म्हणून त्या चाळीस वर्षं बोलल्या नाहीत. त्या काळी त्यांनी जे केलं ते मुलींच्या भल्यासाठीच केलं, यात आम्हाला शंका नाही. पण ते बोलणं आधी झालं असतं तर भाचीची तपासणी दहा वर्षं आधी सुरू झाली असती.

आणखी एक खास आपल्याकडचं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या अनेक घरांत होती, काही घरांत अजून आहे. दोघांकडेही एकाच जनुकाची मोडकी प्रत असेल तर चौघांपैकी एका अपत्याला दोन्ही मोडक्या मिळण्याचा संभव असतो. अशा मुलांना लहानपणीच रक्ताचा, मेंदूचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो, आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असू शकतात. हे दुर्मिळ आहे. पण स्थळ बघताना पत्रिकेतली नाडी पाहणाऱ्यांनी हेही विचारायला हरकत नाही.

मग उपयोग काय कळून, असं आम्हाला नेहमी विचारतात. उपयोग भरपूर आहे. आतड्यातला कर्करोग आधी लहान मोडासारखा असतो, आणि दुर्बिणीतून तो दिसताक्षणी काढता येतो. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या २५२ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं. दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग साठ टक्क्यांहून जास्त कमी झाला. आता ज्यांच्यात मोडकी प्रत सापडते त्यांना, जनुक कोणतं ते पाहून, बहुधा पंचविशीच्या सुमारास तपासणी सुरू करायला आणि एक-दोन वर्षांनी परत करायला सांगतात. बायकांना, मुलंबाळं झाल्यावर, गर्भाशय काढून टाकण्याचा पर्याय असतो. अ‍ॅस्पिरिननंही धोका घटतो असं ८६१ जणांच्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पण ती गोळी मनानं सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि आजार झालेला असला तरीही कळून उपयोग आहे. हा भाग आम्हाला फार विलक्षण वाटतो. दुरुस्ती पथक मोडलेल्या गाठीत इतक्या चुका साचतात की तिची प्रथिनं परकी दिसू लागतात, आणि शरीराची रोगप्रतिकारक सेना तिला ओळखू शकते. गाठ मात्र त्या सेनेला ब्रेक लावून ठेवते. तो ब्रेक सोडवणारी औषधं आली आहेत. त्यांतल्या एकाला, पेम्ब्रोलिझुमॅबला, अमेरिकेत २०१७ मध्ये गाठ कोणत्या अवयवाची हे न पाहता, फक्त दुरुस्ती पथक मोडलेलं आहे की नाही एवढं पाहून परवानगी मिळाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चाचणीचा अहवाल आला. गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या १२ रुग्णांना डोस्टार्लिमॅब हे औषध सहा महिने दिलं, आणि बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन न करता. ही औषधं महाग आहेत, फार महाग. पण गाठीत पथक मोडलेलं आहे की नाही हे पाहण्याची चाचणी तितकी महाग नाही. त्या चार प्रथिनांचे रंग गाठीच्या तुकड्याला चढतात का, एवढंच पाहायचं असतं. रंग चढला नाही म्हणजे लगेच आनुवंशिक विकार ठरत नाही, त्यापुढे रक्ताची जनुकचाचणी असते. पण पाऊल हेच पहिलं.

म्हणून आतड्याचं किंवा गर्भाशयाचं कर्करोगाचं ऑपरेशन घरात कुणाचं झालं तर दोन गोष्टी करा. या चार प्रथिनांची तपासणी केली का, ते विचारा. आणि मेणाचे ठोकळे, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, नीट जपून ठेवायला सांगा किंवा मागून घ्या. माणूस गेला तरी त्या ठोकळ्यातून नातवंडांना उत्तर मिळू शकतं.

कुणी सावध व्हावं, यासाठी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एक सोपा नियम केला होता, अ‍ॅम्स्टरडॅमचा: तीन-दोन-एक. तीन नातेवाईक, त्यांतला एक उरलेल्या दोघांचा आईबाप, भावंड किंवा अपत्य. दोन लागोपाठच्या पिढ्या. आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत आजार. आता नियम सैल झाले आहेत, पन्नाशीच्या आतला एकही रुग्ण असला तरी विचारणा करावी. पण लक्षात ठेवायला तीन-दोन-एक बरं.

बाहेर जाताना उजव्या हाताला टेबलावर कोऱ्या वंशावळीचे कागद ठेवले आहेत. तीन पिढ्यांच्या चौकटी आहेत, माहेर आणि सासर दोन्ही बाजूंच्या, आणि लेकींच्या खालच्या चौकटी आम्ही मुद्दाम जास्त काढल्या आहेत. प्रत्येक चौकटीत नाव, आजार आणि तो कितव्या वर्षी झाला, एवढंच लिहायचं. घरातल्या वयस्क आत्या, मावशी, वन्सं या दिवसांत गणपतीला आलेल्या असतील, त्यांच्याजवळ बसून भरा. कागद भरून आम्हाला परत द्यायचा नाही, तो तुमच्याच घरी कुलवृत्तांताच्या पुठ्ठ्यात ठेवायचा. प्रश्न असतील तर आम्ही साडेदहापर्यंत इथंच आहोत, मुलांना तालमीला जागा करून दिली की मंडपाच्या मागे बसू.